चोवीस तासांची चिठ्ठी

सोमवार, ४ फेब्रुवारी

बारके,

पाकिटात आधी जो जाड, शिक्क्याचा कागद हाताला लागला असेल तो सरकारी आहे. हा माझा. तो वाचलास तरी पुरे, हा नाही वाचलास तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण अकरा वर्षांनी तुझ्यावर कसली सक्ती करणार?

थोडक्यात सांगते. आरोग्य खात्याला एक पान हवं आहे. पुस्तक नको, अहवाल नको, एकच पान: माणसाने निरोगी राहायला काय खावं. ते शाळांत, दवाखान्यांत, कारखान्यांच्या जेवणघरांत लावायचं. अट अशी की खाली सगळ्या मोठ्या जाणकारांच्या सह्या हव्यात, कारण लोक आता कंटाळलेत. सकाळी एक म्हणतो अंडं खा, संध्याकाळी दुसरा म्हणतो अंड्याला शिवू नका. तर सात जणांची समिती आहे आणि मी तिची सचिव. रुग्णालयातून निवृत्त झाल्यावर घरी बसून भिंतीशी बोलण्यापेक्षा हे बरं.

अध्यक्ष हृदयरोगाचे म्हातारे डॉक्टर आहेत. त्यांचं म्हणणं पडलं की आठवी खुर्ची विरोधकाची असावी. दर रविवारी वर्तमानपत्रात ‘वजनकाटे फेकून द्या’ म्हणून जी बाई लिहिते, तिची सही असेल तरच लोक या पानावर विश्वास ठेवतील. मी हरकत घेतली नाही, एवढाच माझा यात हात.

पत्ता वर्तमानपत्राच्या कचेरीतून मिळाला. तुझे लेख मी वाचत नाही. गेल्या रविवारी सालासकट बटाट्यावर जे लिहिलं आहेस, त्यात दुसऱ्या परिच्छेदातला आकडा चुकला आहे, तेवढा बघ.

उत्तर सरकारी कागदावरच दे. हो किंवा नाही.

ताई


शनिवार, ९ फेब्रुवारी

बारके,

उत्तर आलं नाही. पाच दिवसांत येईल अशी अपेक्षाही नव्हती, तरी रोज पोस्टाच्या पेटीत हात घालून बघते. पेटीच्या तळाला गंज आहे, बोटं लाल होतात.

काल पहिली बैठक झाली. तू असतीस तर हसून हसून तुझं पोट दुखलं असतं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, खिडकीबाहेर सायकलींचं स्टँड. टेबलाच्या एका टोकाला लोणीवाले डॉक्टर. हे गृहस्थ वीस वर्षं सांगताहेत की स्निग्ध पदार्थांवर फार अन्याय झाला आहे. वकिलाने अशिलाबद्दल बोलावं तसे लोण्याबद्दल बोलतात. समोर कोंडेबाई. त्यांची सगळी हयात धान्याच्या कोंड्यावर संशोधन करण्यात गेली, म्हणून मी मनात हे नाव ठेवलंय. एकदा त्यांच्यासमोरच तोंडातून निघून जाणार आहे माझ्या. मधे उपासवाले. दिवसातले सोळा तास काही खाऊच नये असं त्यांचं मत. न्याहारी हा शब्द उच्चारला की डोळे मिटतात. एक आकडेतज्ज्ञ आहेत, ते इतरांच्या संशोधनातल्या चुका काढतात आणि त्यांना दुसरं काही आवडत नाही. उरलेले दोघे जो बोलत असेल त्याच्याकडे बघून माना हलवतात.

दोन तास भांडले. अंडं, दूध, फळांतली साखर, भात. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “निदान एका गोष्टीवर तरी जमतंय का आपलं?”

लोणीवाले म्हणाले, “पाणी प्यावं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कागदावर ‘पाणी प्यावं’ लिहिलं. लगेच उपासवाल्यांनी विचारलं, “किती?” आणि पुढची चाळीस मिनिटं त्यात गेली.

गंमत म्हणजे मधल्या सुट्टीत बिस्किटांची बशी ठेवली होती. सात जाणकार, प्रत्येकाने मान नकारार्थी हलवलेली मी पाहिली. सुट्टी संपली तेव्हा बशी रिकामी होती.

हे सगळं मी कोणाला सांगणार? पूर्वी मी रुग्णालयातून आले की आपण दोघी ओट्याशी बसून माणसांच्या नकला करायचो. बाबा बाहेरून ओरडायचे, “हळू हसा, खाली दुकानात गिऱ्हाईक आहे!” आता घरी येऊन मी एकटीच कोंडेबाईंची नक्कल केली. चांगली जमली होती.

आणखी एक. आठव्या खुर्चीवर विरोधक हवा हे अध्यक्षांचं खरं. पण तुझं नाव त्यांनी सुचवलं नव्हतं. मी सुचवलं.

ताई


सोमवार, १८ फेब्रुवारी

बारके,

तुझं उत्तर नाही, पण बैठकीत एक भलतंच घडलं आणि ते तुलाच कळायला हवं, कारण त्यात आपल्या बाईंचा हात आहे. आहारशास्त्र शिकताना आपल्याला दोघींना त्याच होत्या. दोन वर्षांच्या अंतराने त्यांनी दोघींच्या कानात एकच गोष्ट ओतली: ‘माणसाला तुम्ही काय खाता असं विचारू नका. तो खोटं बोलेल, आणि आपण खोटं बोलतोय हे त्यालाही कळणार नाही. काल काय खाल्लं ते विचारा. उठल्यापासून झोपेपर्यंत.’

दुसऱ्या बैठकीतही भांडण चालू झाल्यावर मी उठले, रुग्णालयातल्या त्या जुन्या चोवीस तासांच्या चिठ्ठ्या काढल्या आणि प्रत्येकासमोर एकेक ठेवली. तेच चार रकाने. किती वाजता, काय, किती, कोणाबरोबर. म्हटलं, “नाव घालायचं नाही. काल काय खाल्लं तेवढं लिहा. तुमच्या रुग्णांना काय सांगता ते नको.”

लोणीवाले म्हणाले, “ही काय परीक्षा आहे?”

“हो,” मी म्हटलं. अध्यक्ष हसले आणि त्यांनी आधी पेन उघडलं. मीही एक भरली, सचिवाला सूट कशाला?

मग चिठ्ठ्या मिसळून मी मोठ्याने वाचल्या. बारके, काय सांगू! कोणाची चिठ्ठी कोणती ते ओळखताच येईना! सगळ्यांच्या जेवणात दोन वेळा भाजी. सगळ्यांनी एखादं फळ खाल्लेलं. कोणाच्या डाळी, कोणाचा मासा, कोणाची अंडी, पण थोडी थोडी. धान्य बहुतेकांचं कोंड्यासकटचं. पाकिटातलं जवळजवळ काही नाही. गोड होतं, पण घासभर. कोणीही ताट भरभरून जेवलेलं नव्हतं. एक चिठ्ठी ऐकून कोंडेबाई म्हणाल्या, “ही कोणा शहाण्या बाईची असणार. लोणी बघा, फक्त एक चमचा.” लोणीवाल्यांचे कान लाल झाले. आणि एका चिठ्ठीत सकाळी आठ वाजता न्याहारी होती, कोणाबरोबरच्या रकान्यात ‘नात’. सगळे उपासवाल्यांकडे बघायला लागले. ते खाली बघून म्हणाले, “ती एकटी खात नाही हो. बसावं लागतं.”

वीस वर्षं जी माणसं एकमेकांना खोडून काढत होती, ती घरी जाऊन एकाच ताटात जेवल्यासारखी जेवत होती. भांडण सगळं कडेकडेचं. मधला भाग सारखाच.

एकच चिठ्ठी वेगळी निघाली. सकाळी सहा: काळा चहा, दोन टोस्ट. दुपार: काही नाही. चार: चहा, टोस्ट. साडेसात: कालचा भात, थंड. कोणाबरोबर: कोणी नाही. मी ती पटकन वाचून टाकली. कोंडेबाई म्हणाल्या, “अगं बाई, ही बिचारी कोण?” मी पुढची चिठ्ठी उचलली.

बत्तीस वर्षं मी लोकांना जेवणाचे तक्ते लिहून दिले. घरी ओट्यापाशी उभी राहून खाते, ताट घेतलं की घासायला पडतं म्हणून. खोटं कारण आहे हे. ताट घेतलं की टेबलाशी बसावं लागतं आणि टेबलाला तीन खुर्च्या आहेत.

बारके, मला तुझी फार आठवण येते. हे वाक्य मी खोडणार नाही.

ताई


मंगळवार, २६ फेब्रुवारी

बारके,

आज एवढंच. पुढच्या बैठकीला ‘किती खावं’ हा प्रश्न होता, म्हणून मी घरचा वजनकाटा घेऊन गेले होते. तोच, पांढऱ्या तबकडीचा, ज्यावर मी बाबांचं जेवण मोजायचे.

त्याबद्दल लिहायचं आहे. तीनदा बसले आणि तीनदा उठले. जमलं की लिहीन.

ताई


मंगळवार, ५ मार्च

बारके,

आता लिहिते. मधे थांबले तर पुन्हा होणार नाही, म्हणून आधी चहा पिऊन घेतलाय.

त्या दिवशी आकडेतज्ज्ञांनी काट्याकडे संशयाने पाहिलं. त्यांचा तो स्वभावच आहे. म्हणाले, “हा खरा दाखवतो कशावरून?” मी जराशी चिडलेच. म्हटलं, “माझे वडील तराजू दुरुस्त करायचे. आमच्या घरातला काटा आहे हा.” त्यांनी चहाच्या टेबलावरचं अर्ध्या किलो साखरेचं बंद पाकीट उचललं आणि काट्यावर ठेवलं. सुई तीनशे सत्तरवर थांबली.

मी दुसरं पाकीट ठेवलं. तीनशे सत्तर. दोन्ही ठेवली. सातशे चाळीस.

मला वाटलं, जुना झाला असेल. घरी आणला, टेबलावर उलटा केला आणि खालचे चार स्क्रू काढले. आत चिठ्ठी चिकटवलेली होती. तुला आठवतं, बाबा कुठलाही काटा उघडला की आत कागदाची बारीक चिठ्ठी लावायचे, तारीख आणि सही घालून? पुढे कधी तक्रार आली तर आपल्या हातून काय झालं ते कळावं म्हणून. चाळीस वर्षांची सवय. ही चिठ्ठी त्यांच्याच अक्षरातली आहे. ‘स्प्रिंग बदलली.’ खाली तारीख. मी बाबांचा तक्ता बांधून दिला त्याच्या बरोबर सोळा दिवसांनंतरची. खाली व्यवस्थित सही.

त्यांनी जाड स्प्रिंग घातली होती, बारके. दोनशे ग्रॅम भात ठेवला की काटा दीडशेच्या खाली दाखवायचा. मी रोज सकाळी मोजून, डब्यात भरून, वर झाकणं लावून रुग्णालयात जायचे आणि रोज त्यांना तिसऱ्या हिश्शाने जास्त देऊन जायचे. भात, ब्रेड, बटाटा, फळं, सगळंच. सुई शून्यावर आहे ना एवढंच मी पाहायचे. रुग्णालयात दर सोमवारी मी प्रत्येक काटा पितळी वजनाने तपासत असे, कामगार चेष्टा करायचे माझी. घरचा कधी तपासला नाही. बाबांच्या घरातला काटा कोण तपासणार?

पहिले दोन आठवडे त्यांनी किती आरडाओरडा केला होता, आठवतंय? “या पोरीने मला पाखराएवढं जेवायला घातलंय.” मग एकदम गप्प झाले. मला वाटलं, माझी शिस्त त्यांच्या अंगवळणी पडली. मी रुग्णालयात चारचौघींना सांगितलं, की माझ्या वडिलांसारखा रुग्ण नाही.

आणि मग बाबांच्या रक्तातल्या साखरेचे अहवाल वाढीव यायला लागले. एकदा, दोनदा, तीनदा. मी मोजून देतेय म्हणजे माझ्याकडून चूक नाही. दुपारी त्यांच्याजवळ कोण असतं? तू. तू शाळेत शिकवून आलीस की त्यांच्यासमोर बसायचीस, ते जेवून होईपर्यंत. तुझा तेव्हाही तक्त्यांवर विश्वास नव्हता. माझं गणित झालं.

बाबा गेले त्याच्या पुढच्या आठवड्यात मी तुला स्वयंपाकघरात जे बोलले ते पुन्हा लिहायला हवं. मी काय बोलले ते मला माहीत आहे, हे तुला कळायला हवं. मी म्हटलं, “तू लाडाने भरवून भरवून मारलंस त्यांना.” तू म्हणालीस, “ताई, मी तक्त्याबाहेरचा एक घासही दिला नाही.” मी म्हटलं, “मग कुठून आली साखर?” तू काट्याकडे बघितलंस. तोंड उघडलंस, आणि मिटलंस. मी त्या गप्प बसण्याला कबुली समजले. संध्याकाळच्या गाडीने तू गेलीस, मी अडवलं नाही, आणि दाराच्या खिळ्यावर तुझी छत्री आठवडाभर तशीच लटकत होती.

आज विचार करते, तू काट्याकडे का बघितलंस? योगायोग असेल. तुला माहीत असणं शक्य नाही. माहीत असतं तर तू एवढं ऐकून कशाला घेतलं असतंस?

अध्यक्षांना मी सगळं सांगितलं. रडले त्यांच्यासमोर, बैठक संपल्यावर, हिरव्या कापडावर. त्यांनी बाबांची जुनी कागदपत्रं मागवून घेतली, दोन दिवस वाचली आणि म्हणाले, “बाई, एक्क्याऐंशीव्या वर्षी एवढ्या भाताने कोणी जात नाही. हृदय थकलेलं होतं. तुम्ही कमी दिलं असतंत तरी ते त्याच महिन्यात गेले असते, फक्त भुकेले गेले असते.” मग कागद मिटून म्हणाले, “तुमचे वडील फार हुशार होते.”

म्हणजे तू मारलं नाहीस. मीही मारलं नाही. म्हाताऱ्याने आपल्याच हाताने काटा दुरुस्त केला आणि शेवटचे पाच महिने पोटभर जेवून घेतलं. आणि आपण दोघींनी त्याच्यापायी अकरा वर्षं घालवली. नाही, आपण नाही. मी घालवली.

चुकलं माझं, बारके. मला हे पत्रात नको होतं सांगायला. पण तू समोर नाहीस आणि ते माझ्यामुळेच.

ताई


गुरुवार, १४ मार्च

बारके,

पान तयार झालं. सोबत पाठवते आहे. मोठं काही नाही त्यात, तू वाचून म्हणशील यासाठी सात शहाणी माणसं कशाला हवी होती. भाज्या आणि फळं भरपूर. डाळी, कडधान्यं, मूठभर दाणे. धान्य शक्यतो कोंड्यासकट. मासा, अंडी, दूध ज्याला चालतं त्याने बेताने. पाकिटातलं कमी, साखर कमी, मीठ कमी. पाणी प्यावं, आणि किती ते लिहिलेलं नाही. कोणतीही एक वस्तू विष नाही आणि कोणतीही एक अमृत नाही. हे शेवटचं वाक्य लोणीवाल्यांनी सुचवलं आणि कोंडेबाईंनी अनुमोदन दिलं. मी वेळ लिहून ठेवली, तीन वाजून वीस मिनिटं.

‘किती’ या रकान्यावर मात्र अडलं होतं. ग्रॅम घालायचे की नाही? सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण तक्तेवाली मी. मी म्हटलं, “पोट भरत आलं की थांबावं, एवढंच लिहा.” आकडेतज्ज्ञ म्हणाले, “हे माप नाही.” मी म्हटलं, “मापाची काय किंमत असते ते मला विचारू नका.” त्यांनी पहिल्यांदाच माझ्याशी हुज्जत न घालता ते लिहून घेतलं. तुझा लेख मी चोरला असं वाटलं तर वाटू दे.

शेवटची ओळ उपासवाल्यांनी घालायला लावली. आठ चिठ्ठ्यांपैकी सातांत कोणाबरोबरच्या रकान्यात कोणीतरी होतं, म्हणून. ‘शक्य असेल तेव्हा कोणाबरोबर तरी बसून जेवावं.’ कोंडेबाईंनी विचारलं, “आणि ती आठवी चिठ्ठी? तिच्यासाठी काय?” मी म्हटलं, “ती माझी होती.” बाईंना वाईट वाटलं बिचाऱ्यांना. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आल्या आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या. चांगल्या आहेत गं. पण सारखं बोलतात, आणि माझ्या कोणी नव्हेत.

सात सह्या झाल्या आहेत. आठवी जागा मोकळी आहे. अध्यक्ष महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत. पण सहीसाठी मी लिहीत नाही आता. एक कोरी चिठ्ठी घातली आहे पाकिटात, चोवीस तासांची. काही बोलायचं नसेल तर नको बोलूस. काल काय खाल्लंस तेवढं कळव. एवढं कळलं तरी माझं भागेल.

ताई


गुरुवार, २१ मार्च

बारके,

तुझी चिठ्ठी आली. पोस्टाच्या पेटीपाशीच फोडली, चष्मा वर घरात होता तरी. तुझं अक्षर अजून उजवीकडे झुकतं.

सकाळी सात, चहा, एक केळं. दुपारी साडेबारा, भात, पालेभाजी, एक उकडलेलं अंडं. संध्याकाळी सात, भाजीचं सूप, ब्रेड. ‘किती’च्या रकान्यात तिन्ही वेळा ‘पोटभर’. रुग्णालयात कोणी अशी चिठ्ठी आणून दिली असती तर मी तोंडावर परत केली असती. इथे मी ती तीनदा वाचली आणि मला तुझ्या ताटातली भाजी दिसायला लागली.

मग उलटून पाहिली. मागे दोनच ओळी. ‘काट्याचं मला माहीत होतं. बाबांनीच दाखवलं होतं, हसत हसत. तुझ्याच हातून जास्त जात होतं हे तुला कधी कळू नये असं वाटलं, म्हणून गप्प बसले.’

मी जिन्यातच बसले. शेजारच्या बाई वर चालल्या होत्या, त्यांनी विचारलं, “बरं वाटत नाही का?” मी म्हटलं, “वाटतंय.” त्यांना काय कळलं असेल देव जाणे, कारण मी रडत होते.

अकरा वर्षं, बारके! एक वाक्य बोलली असतीस तर सुटली असतीस. काट्याकडे बोट दाखवायचं, बस. ते न करता तू पिशवी भरून निघून गेलीस आणि दर रविवारी सगळ्या गावाला ओरडून सांगत राहिलीस की वजनकाटे फेकून द्या. मी ते माझ्याविरुद्ध समजत होते. रागाने वाचायचे. हो, वाचायचे, एकही चुकवला नाही, सगळे कापून कपाटात ठेवलेत.

मी तुझ्या जागी असते तर गप्प बसले नसते. मला ते जमलं नसतं. धाकटी असून तू मला एवढं सांभाळलंस आणि मी तुला काय समजत राहिले.

आता कामाचं. चिठ्ठी अपुरी आहे. चौथा रकाना तू तिन्ही वेळा मोकळा सोडला आहेस. कोणी नाही असंही लिहिलं नाहीस, मोकळाच. आपल्या बाईंचा नियम तुला माझ्याइतकाच पाठ आहे. अपुरा रकाना आपण अंदाजाने भरायचा नाही आणि टपालाने परत पाठवायचा नाही, माणसाकडे स्वतः जाऊन, समोर बसून विचारायचं.

तेव्हा रविवारी येते. सकाळी आठची गाडी आहे, साडेअकराला तुझ्या स्टेशनावर पोहोचते. न्यायला येऊ नकोस, विचारत विचारत येईन. पान बरोबर आणते, सही करावीशी वाटली तर कर, नाही तर समितीला मी तोंड देईन. तुझी छत्री आणते. काट्यातली बाबांची चिठ्ठी आणते, ती आपण दोघींनी मिळून बघायला हवी. काटा आणत नाही.

काही खास करू नकोस. रोज जे करतेस तेच कर, फक्त जरा जास्त. आणि दार उघडलंस की लगेच काही बोलू नकोस, बारके. आधी वाढ. मला भूक लागलेली असेल.

तुझी ताई